लोप पावलेली दंडार

झेरॉक्सच्या गरम कागदांचा वास आला की मला ती तोंडी परीक्षा आठवते. आमच्या कॉलेजात संगीताच्या इतिहासाला वीस गुण तोंडीचे असतात, आणि मुलं माझ्या नोट्सच्या झेरॉक्स पाठ करून येतात. त्या दुपारी वीज गेली होती, तंबोऱ्यांच्या खोलीत उकाड्याने जीव नकोसा झाला होता. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी दरेकसा गावच्या एका मुलीला दंडार या लोककलेची आजची स्थिती विचारली. नोट्समध्ये उत्तर एका ओळीचं होतं: ही कला आता लोप पावली आहे. मुलगी म्हणाली, "लोपली नाही सर. माहे बाबा दरसाल दिवाळीनंतर मंडईच्या जत्रेत दंडारीत नाचतेत." परीक्षक माझ्याकडे पाहू लागले. मी म्हटलं, "नोट्समध्ये काय दिलंय ते सांग." "जित्ती हाये तं मेली म्हणून काऊन सांगू, मॅडम?" दंडार मी कधी पाहिलीच नव्हती. ती ओळ मीसुद्धा माझ्या मॅडमच्या वहीतून उतरवली होती. परीक्षकांना ते बोलणं उद्धट वाटलं, त्यांनी सात गुण मांडले. पास व्हायला आठ लागतात. बाहेर अजून तीस मुलं ताटकळत होती. मी सही केली. पुढच्या वर्षी ती परत बसली, भिंतीकडे पाहत ती ओळ जशीच्या तशी म्हणाली आणि अठरा गुण घेऊन गेली. आज गोंदियात झेरॉक्सवाल्याने विचारलं, "मॅडम, वही पुराने नोट्स ना?" मी हो म्हटलं.