शुक्रवारचं फ्रेंच आणि मुनाफभाईंचे लूम

आमच्या घरात फ्रेंच आणि जर्मन मी शिकवते. मला दोन्ही भाषा येत नाहीत.

हे काम माझ्याकडे आलं आमच्या सानिकामुळे. ती पाश्चात्त्य शास्त्रीय गाणं शिकते. भिवंडीत राहून! इथे लोक मुलांना सीएला बसवतात, दुकानात बसवतात, फार तर वडिलांच्या शेतावर गोदाम बांधून देतात. आमच्या पोरीला शाळेतल्या नाताळच्या कार्यक्रमात एकदा उंच सूर लागला, तो अजून खाली आलेला नाही. दर रविवारी ती ठाण्याला ग्रेटा मिसकडे जाते. सूर, ताल, श्वास सगळं मिस बघतात. यंदा तिने मुंबईच्या एका संगीत संस्थेत प्रवेशासाठी अर्ज केला. ऑडिशन ऑनलाइन होती. मिसनी मला बोलावून घेतलं.

"एक फ्रेंच गाणं, एक जर्मन. सुरांची काळजी करू नका. उच्चार मात्र घरी घोटून घ्या. तिथे उच्चारांवरच गाळतात."

वयाच्या अटीमुळे सानिकाला ही शेवटची संधी होती. हुकली, की अंजूरला तिच्या पप्पांच्या गोदामावर बसून ट्रकच्या पावत्या फाडायच्या. (पप्पांनी खुर्चीसुद्धा घेऊन ठेवली होती. फिरती!) त्या खुर्चीचं नाव काढलं, की पोरीचा चेहरा उतरायचा. म्हणून मी पदर खोचला. इंटरनेटवरून व्हिडिओ शोधले, आठवड्याचं वेळापत्रक केलं, फ्रिजवर तक्ता लावला. सोमवार, बुधवार फ्रेंच. मंगळवार, गुरुवार जर्मन. शनिवारी दोन्हीची उजळणी आणि कपाट आवरणे.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते, फ्रेंच 'र' जिभेने म्हणायचा नसतो. तो घशाच्या तळाशी चिकटलेला असतो, तिथून खरवडून काढावा लागतो. त्यासाठी आधी पाण्याच्या गुळण्या करायच्या, मग पाण्याशिवाय गुळण्या करायच्या, आणि मग त्या गुळणीत प्रेम घालायचं, कारण गाणं प्रेमाचं आहे. जर्मनमध्ये एक 'ख' असतो. तो मला लगेच ओळखू आला. आमच्या शेजारचे मुनाफभाई, त्यांच्या अम्मी "ख़ुदा हाफ़िज़" म्हणताना काढतात, साधारण तसाच. फक्त अम्मी तो निरोप देताना काढतात आणि जर्मन लोक दर दुसऱ्या शब्दाला.

हे सगळं सकाळी चालायचं. आमचे हे चहा घेऊन दारातच थबकायचे.

"काय गो, पोरीला उलटी होते क काय?"

"फ्रेंच आहे ते."

"मंग फ्रेंचला काय तरी दवा दे ना! किती दिस झाले!"

मुनाफभाईंचा लूमचा, म्हणजे यंत्रमागांचा, कारखाना आमच्या भिंतीला भिंत लावून आहे. दिवसभर खटाक-खटाक, खटाक-खटाक. आमची भांडी मांडणीवर स्वतःहून सरकतात. त्या आवाजात सानिका कानाला हेडफोन लावून व्हिडिओ ऐकायची, मी समोर उभी राहून सूचना द्यायचे, "ओठ ताण! जीभ मागे! अजून मागे!" आणि ती मान हलवायची. एकदाही उलट उत्तर नाही. एवढी गुणी विद्यार्थिनी मी कुठे पाहिली नाही.

ऑडिशनचा दिवस आपण निवडायचा होता. मी डोकं चालवलं आणि शुक्रवार निवडला. भिवंडीत लूमना सुट्टी शुक्रवारी! पण सुट्टीच्याच दिवशी फिटर येतो, ठोकाठोकी करतो, हेही मला माहीत होतं. म्हणून आदल्या दिवशी मुनाफभाईंना गाठलं.

"वहिनी, जुम्म्याला लूम तर बंदच असतात."

"लूम नको, फिटरही नको. हातोडी नको, तेलपाणी नको. दुपारभर चिडीचूप!"

"फिटर जुम्म्यालाच येतो, वहिनी. चालू लूममध्ये तो हात कसा घालेल?"

"मुनाफभाई, पोरीच्या आयुष्याचा प्रश्न आहे."

"बस! आता काय बोलायचं? जा तुम्ही. सुई पडली तरी आवाज येईल, बघा."

आणि खरंच आला. शुक्रवारी दुपारी गल्लीत अशी शांतता पसरली, की आमच्या पंख्यालाही आवाज आहे हे मला पहिल्यांदा कळलं. यांना दाराशी उभं केलं. काम एकच दिलं: कुणालाही आत सोडायचं नाही. लॅपटॉप लावला. पडद्यावर पांढऱ्या केसांच्या परीक्षक बाई आल्या. त्या हसल्या नाहीत. त्यांच्यामागे काळाकुळकुळीत पियानो होता, तोही हसला नाही.

"आधी गाण्याचे शब्द वाचून दाखव," बाई म्हणाल्या.

सानिकाने सुरुवात केली. मी लॅपटॉपच्या मागे, कॅमेऱ्यात दिसणार नाही अशी उभी राहिले आणि अगदी ओठातल्या ओठात तिला आठवण करून देऊ लागले. ओठ ताण. जीभ मागे. पोरीने दचकून माझ्याकडे पाहिलं. पहिली ओळ अडखळली. मी अजून हळू सांगितलं. दुसरी ओळ तर पार आडवी झाली! रोज लोण्यासारखा येणारा 'र' आज घशात रुतून बसला. ती तो ओढून काढू लागली. ख्र्र! ग्र्र! उघड्या खिडकीतून, सुई पडली तरी ऐकू येईल अशा त्या शांततेतून, तो आवाज सगळ्या गल्लीभर गेला.

बेल वाजली. समोरच्या पाटीलकाकू!

"भाऊजी, कुणाच्या घशात काटा अडकला?"

"कुणाच्या न्हाय ओ. गाना हाय तो."

"गाणं? मला नका सांगू. आमच्या नणंदेला बोंबलाचा अडकला होता, हुबेहूब असाच आवाज! सुक्या भाताचा गोळा गिळायला द्या. चावायचा नाही, गिळायचा!"

तेवढ्यात शेजारच्या खिडकीतून मुनाफभाईंच्या अम्मीचा आवाज आला, "अरे, कोई बच्ची को पानी तो पिलाओ! जोशांदे का काढ़ा भेजूँ क्या?"

आत सानिका जर्मनवर आली होती. "ख्ख्ख!"

तिच्या त्या 'ख'ने यांचा धीर सुटला. रोजचा आवाज रोज ऐकणारा हा माणूस, पण बाहेर दोन बायका काटा, काटा म्हणायला लागल्यावर त्यालाही काटाच दिसायला लागला! परीक्षक बाई कान देऊन ऐकत होत्या आणि हे वाटीत भाताचा गोळा घेऊन थेट कॅमेऱ्यासमोर आले.

"बाय, येवरा गील. चावू नको."

मी यांना सदऱ्याला धरून मागे ओढलं. म्हणजे आता कॅमेऱ्यात मीही आले. पडद्यावर बाईंनी चष्मा काढून पुसला.

"आपण थोडं थांबू या," त्या म्हणाल्या. "दहा मिनिटं घ्या. मग सुरुवातीपासून एकदा. त्यानंतर मात्र मी संधी देऊ शकणार नाही."

कॅमेरा बंद झाला. सानिकाच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. हे वाटी धरून नुसते उभे. मी विचारलं, "काय देऊ? कोमट पाणी? मध?"

"आई, लूम चालू करायला सांग."

"काय?"

"लूम! मला लूमचा आवाज पाहिजे. नाहीतर मला जमणार नाही."

अशा वेळी मी कारणं विचारत नाही. चप्पल न घालता पळाले. मुनाफभाई नमाजहून येऊन पांढऱ्याशुभ्र कुर्त्यात जेवायला बसले होते.

"मुनाफभाई, लूम चालू करा!"

त्यांचा घास हातातच राहिला. "वहिनी, काल तुम्हीच बोललात बंद. माझा फिटर घरी झोपलाय."

"काल बंद, आज चालू! लवकर!"

"कारीगर एक नाही. जुम्मा हाय आज."

"तुम्ही चालवा ना. तुमचेच तर आहेत!"

"अहो, मालक हाय मी! लूमला हात लावून जमाना झाला."

"मुनाफ!" अम्मी आतून कडाडल्या. "बच्ची का सवाल है. उठ!"

मुनाफभाई खरकट्या हातानेच उठले. खटका ओढला. एक लूम सुरू झाला आणि बंद पडला. दुसरा सुरू झाला आणि त्याचा धागा तुटला. मी घड्याळाकडे बघत उभी. मुनाफभाई कुर्त्याच्या बाह्या सरसावून, तोंडाने काहीतरी पुटपुटत (बहुतेक माझ्याबद्दलच), या लूमवरून त्या लूमवर उड्या मारत होते. अखेर भिंतीकडची रांग लागली. खटाक-खटाक, खटाक-खटाक! कुर्त्यावर तेलाचा हा एवढा पट्टा उमटला. पण ते पाहायला मी थांबले नाही.

मी घरात शिरले तेव्हा बाई पडद्यावर आल्याच होत्या.

"हा कसला आवाज?"

"मॅम, आमच्याकडे असाच असतो," सानिका म्हणाली आणि डोळे पुसून ताठ बसली.

मी लॅपटॉपमागची माझी जागा घेतली. भिंत थरथरत होती, म्हणून आता मोकळेपणाने सूचना देऊ लागले. सानिकाने शब्द वाचले. 'र' कसा आला म्हणता? जसा काही फ्रान्सहून सकाळीच निघाला होता! मग ती गायली. दारात पाटीलकाकू पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. हे भाताचा गोळा हातात घेऊन रडत होते. मी मात्र काम सोडलं नाही, शेवटच्या सुरापर्यंत सांगत राहिले.

गाणं संपलं. बाई पहिल्यांदा हसल्या.

"फार सुंदर. तुला आम्ही घेतोय. उच्चार तर इतके स्वच्छ, की मला आश्चर्य वाटलं. पण पहिल्या वेळी तुझ्याजवळ कोणीतरी मोठमोठ्याने काहीतरी सांगत होतं. ते सगळं चुकीचं होतं. त्यांच्याकडून शिकू नकोस, बरं का."

मोठमोठ्याने? मी? लग्न झाल्यापासून लूमशेजारी संसार करतेय. माझं ओठातल्या ओठात बोलणं दुसऱ्या गल्लीपर्यंत जातं, हे मला आजवर कुणी सांगितलंच नव्हतं!

लॅपटॉप बंद झाला. पाटीलकाकूंनी पोरीच्या चेहऱ्यावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. यांनी भाताचा गोळा आनंदाने स्वतःच गिळला. (चावला नाही.) मला मात्र एक हिशेब लागेना.

"सानू, मी तर रोज तुला तेच सांगत होते. मग तुझं बरोबर कसं आलं?"

पोरगी जरा घुटमळली.

"आई, रोज लूम चालू असायचे ना. वर कानाला हेडफोन. तुझे नुसते ओठ हलताना दिसायचे, मी आपली मान हलवायचे."

"आणि आज पहिल्यांदा गेली कशी पार घसरून?"

"आज पहिल्यांदाच तू काय सांगतेस ते ऐकू आलं ना!"