मिलमधला पेला

लेक दोन दिवसांच्या सुट्टीवर म्हणून पुण्याहून अमरावतीला आला आहे. आज भाकरीचं पीठ मळताना ओट्यावर त्याचं नाव लिहिलेला, ऑफिसातला कप दिसला आणि माझे हात थांबले. पीठ बोटांवर वाळून कातडी ओढू लागलं.

अकोल्यात, जुन्या शहरातल्या घरी, एकदा आईच्या हातांवरही पीठ असंच वाळलं होतं. कापडाच्या मिलचा भोंगा झाला की ती पहिली भाकरी तव्यावर टाकायची. आमच्या गल्लीत घड्याळ कुणाला लागतच नसे. त्या सकाळी भोंगा झालाच नाही. तवा तापून धुरावला. शेजारच्या बायका दारात येऊन उभ्या राहिल्या.

"भोंगा बिघडला असन," बाबा म्हणाले.

"मंग जाऊन पाहा ना. काहून बसून राहिले?" आई म्हणाली.

"वाजू दे. वाजला की जातो."

ते पितळी पेल्यातून चहा पीत होते. मी शाळेचा गणवेश घालून कान टवकारून बसले होते. पेल्याकडे तेव्हा माझं लक्षच गेलं नाही.

मिल त्यानंतर कधी उघडलीच नाही. तो पेला मिलमध्ये असायचा, बाबांच्या मागाजवळच्या खिडकीत. म्हणजे तो आदल्या संध्याकाळीच घरी आला होता. आईनं तो चिंचेनं लख्ख घासलाही होता, आणि तरी सकाळी उठून पीठ भिजवलं होतं.

लेकाला मी काही विचारलं नाही. कप घासला आणि आमच्या कपांच्या रांगेत ठेवून दिला.