उभ्यानंच वाजवायची गिटार

मित्रहो, आज दुपारपासून मन लागून नाही राहिलं.

आंधळगावले काकाजीकडे गेलो होतो. माळ्यावर त्यांची जुनी इलेक्ट्रिक गिटार सापडली. लाल, इंग्रजी व्ही अक्षरासारखी. ऐंशीच्या सुमारास नागपूरच्या एका दुकानात ती नुसती पडून होती. काकाजीनं नाटकात वाजवाले हौसेनं आणली.

आपल्या झाडीपट्टीच्या नाटकात वाजवणारे स्टेजसमोर खाली बसतात. ही गिटार मांडीवर ठरेचना, घसरून जायची. काकाजी उभे राहिले, तर मागून लोक ओरडले, "बस ना बे खाली! दिसून नाही राहिलं!" पहिल्याच अंकात गिटार पोत्यात गेली. पुढं ते ऑर्गनवाल्याशेजारी बसून झांजच वाजवत राहिले.

आज दोस्ताचा साउंडबॉक्स आणून मी ती जोडली. तारा गंजल्या होत्या, तरी आवाज निघाला. काकाजी म्हणाले, "मले उभं कर."

मी अन् सोबत आलेल्या दोस्तानं धरलं, पण गुडघे टिकले नाही. खुर्चीत बसवून गिटार मांडीवर दिली, तं ती पुन्हा घसरली.

"आता मागं कोणीच नाही ओरडाले," काकाजी म्हणाले, "अन् मले उभंच राहता येत नाही."

तुमच्या घरात कोणाले असं 'बस खाली' म्हटलं होतं का?