ताडपत्रीखालचं टर्बाइन

पऱ्हाट्या, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्या, जाळून वीज करणाऱ्या एका छोट्या कारखान्यात मी टर्बाइनची तब्येत बघते. कुठलं पातं कधी दगा देईल, हे आधी सांगणं माझं काम. तेलंगणातल्या तलमडुगूकडच्या माझ्या नातेवाइकांना ते ज्योतिष वाटतं. वाटो बापडं.

मी रुजू झाले तेव्हा कापसाची वेचणी संपत आली होती. आदल्या हंगामातल्या पऱ्हाट्या संपल्यामुळे टर्बाइन पावसाळ्यापासून बंदच होतं. शिफ्ट सांभाळणारे काका कापूसवाल्या घरातले. कापसाचा ढीग झाकावा तसं त्यांनी सगळी झाकणं घट्ट लावून वर ताडपत्री आवळली होती. माया होती त्यात, पण आतली ओल आतच कोंडली. चालू असताना बॉयलरच्या पाण्यातून वाफेत आलेलं मीठ ठरावीक पात्यांवर बसतं. त्याला ओल मिळाली की धातूला खड्डे पडतात आणि खड्ड्यातून तडा जातो.

वाफेत मीठ किती होतं याच्या जुन्या नोंदी पाहून मी सांगितलं, शेवटून दुसऱ्या रांगेत पात्याच्या मुळाशी तडा असणार, उघडल्याशिवाय चालवू नका. मॅनेजर साहेब तडकले. हंगाम तोंडावर आलेला, आवारात नव्या पऱ्हाट्यांचे ढीग. काही निघालं नाही तर दुसरी नोकरी शोधा, म्हणाले. मी म्हटलं, चालेल. झाकली मूठ सव्वा लाखाची असेल, टर्बाइन मात्र उघडूनच बघावं लागतं.

काकांना ते लागलं. "काऊन खोलून राह्यल्या म्याडम? पाण्याचा थेंब आत जाऊ देला नाही मी."

"बाहेरचं आत गेलं नाही काका, आतलंच बाहेर निघालं नाही."

उघडल्यावर पाती वरवर धडधाकट दिसली. साहेब माझ्याकडे बघत राहिले. मला शंका नव्हती. त्या रांगेला तड्यात झिरपणारा लाल रंग लावून पुसला, वर तो ओढून घेणारी पांढरी पावडर फवारली. एका पात्याच्या मुळाशी केसाएवढी लाल रेघ उमटली. मला सरळसरळ आनंद झाला, खोटं कशाला बोलू.

साहेब नवं पातं मागवायला फोनकडे गेले. काका त्या रेघेकडे बघत खालीच बसले.

"फिरता फिरता तुटलं असतं तं इकडंच आलं असतं," ते म्हणाले. "माही खुर्ची इथंच असते."

मी त्यांना हात देऊन उठवलं. बरं झालं मी साहेबांशी भांडले.