पाच खराब टॉवेल

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या एका कारखान्यात मी चेकिंगला होते. मागावरून उतरलेला माल शिलाई होऊन आमच्या टेबलावर यायचा. सुटलेला धागा, वाकडी किनार, तेलाचा डाग दिसला की टॉवेल बाजूला काढायचा, चांगल्याची घडी घालायची. मला सोडून अकरा बायका. मला तिथं कामाला लावलं ते अक्कानं. ती मूळची मैंदर्गीची. आमच्याशी मराठीत बोलायची, पण टॉवेल मोजायची कानडीतच, वंदु, येरडु, मूरु. पहिल्या दिवशी माझा हात धरून तिनं टॉवेलवरून फिरवला होता. म्हणाली, "डोळ्याच्या आधी बोटाला कळतंय बघ."

माझी बारावी झालेली, म्हणून मालकांनी मला सुपरवायझर केलं आणि सात रस्त्याजवळच्या एका हॉटेलात तीन दिवसांच्या लीडरशिप ट्रेनिंगला पाठवलं. एसी हॉल, नवी वही, गळ्यात कार्ड. शिकवणारे सर पुण्याचे. ते म्हणाले, "तुमच्या टीममध्ये एक जण बाकीच्यांना मागं खेचतोय. तो शोधा, आणि सगळ्यांसमोर शोधा. उरलेले आपोआप पळतील." मी त्या वाक्याखाली दोन रेघा मारल्या. शेवटच्या दिवशी त्यांनी मला माइक दिला आणि 'लीडर' म्हणून हाक मारली. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला उभं करून ऐकत होतं. मला फार आवडलं ते.

परत आल्यावर मी आमचं लांबलचक टेबल मोडून प्रत्येकीला वेगळं टेबल दिलं. प्रत्येकीच्या गठ्ठ्यावर तिच्या नंबरची चिठ्ठी. आठवड्यातच अक्काच्या गठ्ठ्यात डागाचे टॉवेल सापडायला लागले. आधी कधीच सापडले नव्हते. पूर्वी तिच्याशेजारी बसणाऱ्या बाईला मी विचारलं.

ती खाली बघत म्हणाली, "अक्काला डाग दिसत न्हाय ताई. वर्ष झालं की. मोतीबिंदू हाय. तिच्या गठ्ठ्यावर आमी जाता-येता नजर टाकायचो. धागा न किनार ती आमच्यापेक्षा लवकर धरती, मग आमचं ते तीच बघायची."

म्हणजे वर्षभर कुणाचंच काही अडलं नव्हतं. हे मला तिथंच कळलं. तरी माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते एवढंच, की सापडला. मागं खेचणारा माणूस सापडला.

मालकांना सांगितलं तेव्हा ते मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणाले, "मग मला कशाला विचारताय? लीडर तुम्ही आहात ना." त्यापुढं जे झालं ते सगळं माझं.

सोमवारी सकाळी मी बायकांना गोल उभं केलं. मध्ये एक टेबल, त्यावर पन्नास टॉवेल. "यात पाच खराब आहेत," मी म्हणाले, "अक्का, तुम्ही काढून दाखवा."

अक्का हसली. "परीक्षा हाय व्हय? घे की."

तीन तिनं बोटांनी भराभर काढले. मग हात थांबले.

"अजून दोन आहेत," मी म्हणाले.

तिनं गठ्ठा पुन्हा पहिल्यापासून चाचपला. मग तिसऱ्यांदा. या वेळी फार हळू. मागून कुणीतरी म्हणालं, "बास की ताई."

"कुणी बोलायचं नाही," मी म्हणाले.

मग मीच ते दोन टॉवेल ओढून काढले आणि तिच्यासमोर धरले. पांढऱ्या टॉवेलवर तळहाताएवढा काळा डाग. अक्कानं तो तोंडाजवळ नेला, हुंगला.

"तेल हाय," ती म्हणाली. "लई मोठा डाग हाय का?"

उत्तर मी दिलं. "सगळ्यांना दिसतोय, अक्का. तुम्ही सोडून."

तिनं त्या टॉवेलचीसुद्धा नीट घडी घातली, डबा उचलला आणि गेली. पुन्हा आली नाही.

त्या महिन्यात आमचं काम खरंच वाढलं. बायका मान वर करीत नव्हत्या, पाण्याला उठत नव्हत्या. मालकांनी पेढे वाटले. मीही दोन खाल्ले.

नंतर एकदा मोठ्या मालाला मी चुकीच्या साइजची स्टिकरं काढून दिली. दहाजणी दिवसभर तीच चिकटवत बसल्या. अख्खा टेम्पो परत आला. मी ओरडले, "एकीच्याही लक्षात आलं नाही?"

अक्काच्या शेजारची बाई शांतपणे म्हणाली, "आलं की. सकाळीच आलं. पण कुणी बोलायचं न्हाय म्हणला होता तुमी."

मालकांनी मला बायकांसमोरच झाडलं. घरी बसायच्या लायकीची आहेस, असंही म्हणाले. दहाजणी स्टिकरं सोलत होत्या, एकीचाही हात थांबला नाही. शेवटी मालक म्हणाले, "ती म्हातारी इथं होती तेव्हा असलं होत नव्हतं. आणा तिला."

म्हणून मी एसटीनं मैंदर्गीला गेले. अक्का भावाच्या घरी राहत होती. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. ओसरीवर तूर निवडत बसली होती. मी निरोप सांगितला.

"न्हाय येत," ती म्हणाली. "कामावरनं काढलंस त्याचं मला काय न्हाय. दिसत नव्हतंच मला. पण एकटीला बाजूला घेऊन सांगितलं असतंस तर मी काय भांडले असते का तुझ्याशी?"

"ट्रेनिंगमध्ये तसं सांगितलं होतं," मी म्हणाले. एवढंच सुचलं. माफी मागायला आले नव्हते, आणि ते तिला कळलं होतं.

तिनं आत वळून कानडीत चहा सांगितला. मला म्हणाली, "पिऊन जा. पाचची गाडी हाय." आणि पुन्हा तूर निवडू लागली.

यंदा मालकांनी दोन नव्या मुलींना त्याच ट्रेनिंगला पाठवलं. सरांनी मला अनुभव सांगायला बोलावलं. वेगळी टेबलं, चिठ्ठ्या, वाढलेलं काम, सगळं मी सांगितलं. एका मुलीनं विचारलं, "कमजोर माणूस कसा शोधला, मॅडम?" मी पाच टॉवेलांचं सांगितलं. अजिबात अडखळले नाही. मुली लिहून घेत होत्या. स्टिकरांपर्यंत पोचायच्या आत वेळ संपली आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.