दिवा ओके, उंदीर ओके

१९६४ च्या मार्चमध्ये आमच्या सेक्शनला यवतमाळ जिल्ह्यात विहीर खोदायचं काम मिळालं. यवतमाळहून कळंबकडे जाणाऱ्या रस्त्यालगत, शहरापासून आठ मैलांवर, एका माळावर पुढे ट्रेनिंग कॅम्प उभा राहायचा होता आणि तिथे पाणी नव्हतं. आम्ही सॅपर, म्हणजे इंजिनिअर दलाचे जवान. पूल, रस्ते, सुरुंग, विहिरी ही आमची कामं. माणसं बारा, वर सुभेदारसाहेब, त्यांच्या हाताखाली मी, हवालदार माने. स्टोअर, रोजच्या कामाची वाटणी आणि सेफ्टीची वही माझ्याकडे.

कॉम्प्रेसर चालवायला यवतमाळचे रहीमभाई मिस्त्री रोजावर घेतले होते. ते सकाळी सातला सायकलवर येत. बाराही जवानांत या जिल्ह्यातला एकच होता. सॅपर देवराव मडावी, पांढरकवड्यापलीकडच्या गोंड वस्तीतला, वय अठ्ठावीस, आठ वर्षं नोकरी. कमी बोलायचा. गाठी त्याच्यासारख्या कोणी मारत नसे.

दुसऱ्या दिवशी कॉम्प्रेसरसाठी जागा सपाट करताना लान्सनाईक शिर्केचं फावडं एका बिळात गेलं. शिर्के साताऱ्याकडचा, तोंडानं मोकळा, अंगानं दणकट. फावडं वर आलं तेव्हा त्याला रक्त होतं. बिळात उंदराची मादी दोन तुकडे होऊन पडली होती आणि खाली गवताच्या गोळ्यात सात पिल्लं होती. डोळे मिटलेले, अंगावर नुसती लव.

"टाक बाहेर," मी म्हटलं. "घारी नेतील."

"थांबा ना हवालदारसाहेब," मडावी म्हणाला. "मले द्या."

"कायले?" रहीमभाईंनी इंजिनाखालून डोकं काढून विचारलं.

"पोसतो."

"उंदीर? अरे, ही फौज हाय का बालवाडी?"

सगळे हसले. शिर्के हसला नाही. त्यानं फावडं मातीत घासून पुसलं आणि लंगरमधून, म्हणजे जवानांच्या स्वयंपाकघरातून, चहाची रिकामी पेटी आणून मडावीसमोर ठेवली.

पेटीत फाटक्या कांबळ्याचा तुकडा, त्याखाली गरम पाणी भरलेली वॉटर बॉटल. दूध रहीमभाईंच्या घरच्या शेळीचं. थट्टा करणारेही तेच आणि रोज सकाळी औषधाच्या बाटलीत दूध आणणारेही तेच. मडावी त्यात निम्मं पाणी घाली, कोमट करी, कापसाची बारीक वात त्यात बुडवून पिल्लाच्या तोंडाला लावी. दूध झालं की ओल्या कापसानं पोट हलकेच पुसायचं, नाहीतर पिल्लाला लघवी होत नाही आणि ते मरतं. हे मला माहीत नव्हतं. त्याला घरून माहीत होतं. दर तीन तासांनी हे करावं लागे, म्हणून मी ड्यूटी लावून दिली. वेळ, कोणी पाजलं, किती प्यालं, असे रकाने आखून कागद पेटीवर चिकटवला. सुरू केलेलं काम नीट व्हावं, एवढाच माझा हेतू होता.

पहिल्या दिवशी दोन पिल्लं मेली. शिर्केनं त्यांना माणसाच्या बाळासारखं उताणं धरून पाजलं आणि दूध नाकात गेलं. मडावीनं त्याचा हात धरून पिल्लू पालथं केलं. "असं. थे आईच्या पोटाखाली असंच पेते." शिर्के पुन्हा चुकला नाही. तिसऱ्या दिवशी आणखी एक गेलं. चार उरली.

डोळे उघडल्यावर शिर्केनं त्यांना रँक दिले. सर्वांत खादाड तो हवालदार. मग नाईक, मग शिपाई. चौथा दिवसभर झोपून राही. त्याला त्यानं सुभेदार केलं.

आठवड्यानं सुभेदारसाहेब कामाची पाहणी करायला आले आणि तंबूत पेटी दिसली.

"माने, हा काय प्रकार?"

माझ्या तोंडून उत्तर आलं, "साहेब, टेस्टसाठी. सुरुंगानंतर विहिरीत सोडायला."

हे समजावून सांगायला हवं. सुरुंग उडाला की विहिरीत धूर कोंडतो. धुराला वास असतो, तो तासाभरात जातो. पण त्यात आणखी एक वायू असतो, त्याला ना वास ना रंग. जुन्या विहिरीतल्या घाण हवेत कंदील विझतो, या वायूत मात्र तो चांगला जळत राहतो. म्हणून सुरुंगानंतर आधी कंदील सोडायचा, मग पिंजऱ्यात एखादा लहान जीव सोडायचा, पाच मिनिटं ठेवून वर घ्यायचा. तो ठीक असला तरच माणूस उतरायचा. मागच्या कामावर आम्ही यासाठी कोंबडी विकत घेतली होती. ती तिसऱ्या दिवशी लंगरच्या पातेल्यात गेली.

साहेबांना पटलं. कागदावरचे रकाने पाहून ते खूशही झाले. मग नावं वाचली. "सुभेदार कोणता?"

शिर्के सावधानमध्ये. "त्यो साहेब. झोपलेला."

साहेब हसत बाहेर पडले. मी मडावीकडे पाहिलं. तो हसत नव्हता. उंदीर कशासाठी वाढतायत हे त्याला त्या मिनिटाला कळलं, आणि खरं सांगायचं तर मलाही.

एप्रिलच्या मध्यापर्यंत ते दाणे खाऊ लागले. मडावीनं पालथा हात जमिनीवर ठेवला की चारही धावत येत. विहीर तोवर वीस फुटांवर गेली होती आणि मुरूम संपून काळा खडक लागला होता. रोज एक सुरुंग. रोज स्फोटानंतर तासभर कॉम्प्रेसरची नळी खाली सोडून हवा मारायची, मग कंदील, मग उंदीर. माझ्या वहीत चार ओळी होत्या: हवा, दिवा, उंदीर, दोरी. प्रत्येकीपुढे टिक, खाली सही. दहा-बारा दिवस काही झालं नाही. उंदीर वर यायचा आणि पिंजऱ्यातच मिशा पुसत बसायचा.

मग एका सकाळी नाईक वर आला तो आडवा. मडावीनं त्याला तळहातावर घेऊन नाकावर फुंकर घातली, पोट चोळलं. उपयोग झाला नाही. आम्ही आणखी दोन तास हवा मारली. मी वहीत वेळ लिहिली.

दुपारी मडावी माझ्याकडे आला.

"साहेब, बाजारातून कोंबडी आणू. पैसे माहे."

"उंदीर आहेत ना."

"थो हाताले पाहून आला. म्या हात केला, म्हणून पिंजऱ्यात गेला."

"त्याच्यामुळे आज चार माणसं वाचली, मडावी."

"वाचली ना," तो म्हणाला. "म्या कुठं नाही म्हणून राह्यलो."

त्याला एक कोंबडी हवी होती. यवतमाळला आमची गाडी आठवड्यातून दोनदा जायची. मी हो म्हटलं नाही. चालू असलेली व्यवस्था बदलायची मला सवय नव्हती.

मे महिन्यात बेचाळीस फुटांवर पाझर लागला. कडेच्या भेगांतून पाणी ठिबकू लागलं, अजून दोन-तीन सुरुंगांचं काम होतं. त्या दिवशी चतुर्थी होती. सुभेदारसाहेब सकाळीच जीप घेऊन कळंबला चिंतामणीच्या दर्शनाला गेले. कॅम्प माझ्या ताब्यात. वारा अजिबात नव्हता.

१०.२० ला सुरुंग उडवला. १०.३५ ला कॉम्प्रेसरचा पट्टा तुटला. रहीमभाईंनी नवा पट्टा मागवला होता, तो यवतमाळहून येणाऱ्या गाडीत होता. म्हणजे हवा मारणं बंद. मी हुकूम दिला की धूर आपोआप जाईपर्यंत थांबा, पुरते दोन तास, मग टेस्ट. पण गाडी अकराला आली आणि मी सामान उतरवून यादीशी ताडून घेऊ लागलो. रहीमभाई पट्टा बसवायला बसले. ११.२५ ला शिर्केनं विहिरीवरून विचारलं, धूर दिसत न्हाय, टेस्ट करू का. मी यादीतून मान वर न करता म्हटलं, "करा."

थोड्या वेळानं मडावीचा आवाज आला.

"दिवा ओके."

मग पुन्हा.

"उंदीर ओके."

मी पेन्सिलीनं दोन्ही ओळींपुढे टिक केली. विहीर माझ्यापासून तीस पावलांवर होती.

शिर्के तोच कंदील हातात घेऊन, बादलीत उभा राहून खाली गेला. तळाशी पोचल्यावर कमरेची दोरी सोडायची पद्धत होती, कारण ती फुटलेल्या दगडांत अडकते. त्यानं दोरी सोडली, न उडालेला सुरुंग कुठे राहिला का ते पाहायला दोन पावलं चालला, आणि खाली बसला.

"शिर्के!" मडावी ओरडला. "ओ शिर्के!"

मी धावलो. खाली कंदिलाच्या उजेडात शिर्के भिंतीला टेकून बसलेला दिसत होता, मान छातीवर. कंदील स्वच्छ जळत होता.

मडावी दोराच्या शिडीवर पाय टाकत होता.

"थांब! दुसरी दोरी बांध. हुकूम आहे, मडावी, थांब!"

तो थांबला नाही. माझ्याकडे पाहिलंही नाही. खाली पोचला, शिर्केची सुटी पडलेली दोरी उचलली, त्याच्या काखेखालून घेऊन गाठ मारली आणि दोन झटके दिले. आम्ही सहा जणांनी ओढलं. शिर्के वर आला तेव्हा ११.४६ झाले होते. ती गाठ मी नंतर सोडवली. एवढ्या घाईतही ती बिनचूक होती.

दोरी लगेच पुन्हा खाली टाकली. ती मडावीच्या खांद्यावर पडली. त्यानं हात उचलला, पण दोरी धरली नाही.

"रहीमभाई, इंजिन!"

"दो मिनिट, साहब! पट्टा चढून राह्यला!"

इंजिन ११.५१ ला सुरू झालं. नळी खाली सोडली. बारा वाजून पाच मिनिटांनी मी स्वतः कमरेला दोरी बांधून उतरलो आणि त्याला वर आणलं. एक वाजेपर्यंत आम्ही त्याची छाती दाबत राहिलो. रहीमभाईंनी शेवटी माझा हात धरला.

"बस करा, माने साहब. गेला थो."

शिर्के तंबूत ओकत होता. तो जगला.

सामान आवरायची मला सवय आहे, म्हणून मी विहिरीच्या काठावर गेलो. कंदिलाची दोरी पाझराच्या ठिबक्यानं ओली होती. पिंजऱ्याची दोरी वेटोळं करून ठेवलेली, कोरडी. पिंजराही कोरडा, आत कोणी नव्हतं. तंबूत चहाच्या पेटीत तिन्ही उंदीर एकमेकांवर झोपले होते. परत विहिरीवर आलो तर तिथे रहीमभाई उभे. त्यांनी खाली वाकून पिंजऱ्याची कोरडी दोरी उचलली आणि नेऊन पाण्याच्या टाकीत टाकली.

कोर्ट ऑफ इन्क्वायरीला एक मेजरसाहेब आले. माझी वही त्यांच्यासमोर होती.

"पिंजरा सोडताना तुम्ही पाहिला?"

"नाही, सर."

"मग टिक कशी?"

"सॅपरनं ओके सांगितलं. मी टिक केली, सर."

"तो खोटं बोलला असं तुमचं म्हणणं आहे?"

"नाही, सर. मी पाहिलं नाही, एवढंच माझं म्हणणं आहे. पाहणं माझं काम होतं. दोन तास थांबायचा हुकूमही मीच मोडला."

दोरीबद्दल त्यांनी विचारलं नाही. मी सांगितलं नाही. शिर्केला हॉस्पिटलमध्ये विचारलं, त्यानं आठवत नाही असं सांगितलं. मला सिव्हिअर रेप्रिमांड, म्हणजे कडक लेखी ताकीद, मिळाली आणि पुढचं प्रमोशन गेलं. मडावीच्या कागदावर लिहिलं गेलं: कर्तव्यावर असताना, साथीदाराला वाचवताना मृत्यू. त्यातला एकही शब्द खोटा नव्हता.

उंदीर मी नाल्यापलीकडे नेऊन सोडले. दोन गवतात गेले. एक माझ्या बुटापाशी परत येत राहिला. तीनदा दूर नेऊन ठेवला. चौथ्यांदा मी मागे न पाहता चालत आलो.

मी १९६७ ला पेन्शनवर आलो. शिर्के त्याच्या आधीच, फुप्फुसांमुळे, घरी आला होता. मागच्या मे महिन्यात आम्ही दोघं मडावीच्या वस्तीवर गेलो. गावाबाहेर, त्यांच्या मेलेल्या माणसांचे दगड उभे करतात तिथे, त्याचाही दगड आहे. त्याच्या बापानं आम्हाला तिथे नेलं, पाण्याचा तांब्या ठेवला आणि तो परत गेला.

पाच वर्षं मी एक गोष्ट शिर्केपासून लपवली होती. ज्यानं त्याला वर काढलं त्यानंच त्याला खोटं सांगून खाली पाठवलं होतं, आणि त्या खोट्यावर सही माझी होती. ज्याचा जीव जाणार होता त्याला हे कळायला हवं, असं मी ठरवून गेलो होतो. मी सगळं सांगितलं. ओली दोरी, कोरडी दोरी, टाकी.

चढण चढल्यानं शिर्केला धाप लागली होती.

"मला ठावं हाय," तो म्हणाला.

"रहीमभाईंनी सांगितलं?"

"न्हाय. मी शेजारीच व्हतो की. त्यानं दिवा सोडला, वर घेतला. मग पिंजरा उचलला. तसाच धरून उभा ऱ्हायला. मग खाली ठिवला आन् ओके म्हणाला. माझ्याकडं बघितलं."

"आणि तू उतरलास?"

"तिघंच उरलं व्हतं, हवालदार. त्येंची आय माझ्या फावड्याखाली गेलती. मला वाटलं, काय हुतंय एका दिसानं. त्यालाबी तसंच वाटलं आसंल."

मलाही त्या दिवशी तसंच वाटलं होतं.

आम्ही टोप्या काढल्या आणि दोन मिनिटं उभे राहिलो. मग शिर्के खाली बसला आणि त्यानं तांब्यातलं पाणी दगडावर ओतलं. बसल्या बसल्या हात दगडावर ठेवला, पालथा, आणि श्वास जागेवर येईपर्यंत तसाच ठेवला.

सॅपर देवराव मडावी. त्याच्यानंतर त्या विहिरीत कोणाला काही झालं नाही. जूनच्या पहिल्या आठवड्यात तिला पाणी लागलं.