फुकटची बस

अर्थसंकल्पाच्या दिवशी आमच्या तमिळ गावातल्या जुन्या मराठी राजवाड्याजवळच्या कॉफीच्या दुकानात माझा मित्र आधीच हजर असतो. पितळी पेला हवेत नाचवत तमिळमध्ये गरजतो, आणि कॉफी गार होते.

यंदा तो बायकांच्या मोफत बसची बाजू घेऊन भांडत होता. मी पेटलो. "तो पैसा कालव्यांतला गाळ काढायला घाला! फुकट्यांची सवय मोडा!" अख्खं दुकान माझ्या बाजूने ओरडलं.

तो वाकला आणि तिथे दुसऱ्या कुणालाच न कळणाऱ्या आमच्या मराठीत पुटपुटला, "राव, वैनी रोज त्याच बसनं पापनाशमच्या शाळेला जातात की वो! मोठ्यानं सांगू काय?"

मी घाईघाईने नकारार्थी मान हलवली.

तो उठून माझ्याकडे बोट दाखवत पुन्हा तमिळमध्ये गरजला, "बस हवीच! पण सार म्हणतात तसा गाळही काढा!"

टाळ्या मला पडल्या. मी त्या घेतल्या.